‘करणार नाही’ आणि ‘करू शकत नाही’

गेल्या दोन वर्षांत मी माझ्या फोनमधली बरीच बिऱ्हाडं हलवली. ई-मेल स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनकडे नेलं, क्रोमच्या जागी फायरफॉक्स आणला, फोटो घरच्या हार्ड डिस्कवर उतरवले, नकाशासाठी ऑरगॅनिक मॅप्स घेतलं आणि घरच्यांशी बोलायला सिग्नल. यात पराक्रम काही नाही. चार रविवार गेले आणि मेलसाठी दरवर्षी थोडे पैसे जातात, इतकंच. पण माझं राहणं साताऱ्यात आणि गोतावळा सांगलीत, त्यामुळे दोन्हीकडे चर्चा झाली आणि दोन प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले. पहिला : "एवढं काय लपवाय लागलाईस?" दुसरा एका जुन्या मित्राचा, जास्त खोचक : "एक सावकार सोडून दुसऱ्याच्या दारात गेलास. नवा तरी चांगला निघेल कशावरून?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या मानानं सोपं आहे. ‘मला लपवण्यासारखं काही नाही’ हे वाक्य फार तर स्वतःपुरतं खरं असतं. माझ्या फोनमधला सगळ्यात मोठा ऐवज माझा नाहीच. त्यात शेकडो लोकांचे नंबर आहेत, बहिणीच्या तपासण्यांचे रिपोर्ट आहेत, भावकीतल्या वाटणीची कागदपत्रं आहेत. एखाद्या अ‍ॅपला मी ‘संपर्क पाहू दे’ म्हणतो, तेव्हा परवानगी माझी असते आणि माहिती त्या सगळ्यांची जाते. शेजाऱ्यानं गावाला जाताना ठेवायला दिलेली किल्ली, ‘माझ्या घरात कुठे काय लपवायचंय’ असं म्हणून आपण तिसऱ्याच्या हातात देत नाही.

आणि लपवण्यासारखं नसलं, तरी कुणाची नजर नसण्याला स्वतःचं एक मोल आहे. ते समजून घ्यायला लांब जायला नको. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. १९३९ साली औंध संस्थाननं ती उभी केली. शिक्षा झालेल्या कैद्यांना तिथे तुरुंगाच्या भिंतींशिवाय ठेवलं, कसायला जमीन दिली, कुटुंबासह राहू दिलं. पुढे गदिमांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) काढला, त्यामागे हाच प्रयोग होता. ज्यांचा गुन्हा कोर्टात सिद्ध झाला आहे, त्यांच्यावर सतत पहारा न ठेवणं हाच त्यांना पुन्हा माणसात आणण्याचा मार्ग आहे, असं त्या छोट्याशा संस्थाननं मानलं. ज्यांनी काहीच केलेलं नाही, अशा कोट्यवधी माणसांचं जाणं-येणं, शोधणं, बघणं आज रात्रंदिवस नोंदलं जातं आणि आपण त्याला ‘सोय’ म्हणतो.

दुसरा प्रश्न मात्र मला बरेच दिवस पुरला, कारण मित्राच्या बाजूनं पुरावा भक्कम आहे. आज ज्यांच्या नावानं आपण बोटं मोडतो, त्या कंपन्या सुरुवातीला चांगल्याच होत्या. गूगलच्या दोन संस्थापकांनी १९९८ साली लिहिलेल्या शोधनिबंधात म्हटलं होतं, की जाहिरातींवर चालणारं शोधयंत्र आपोआपच जाहिरातदारांकडे झुकेल. पुढे त्यांचं स्वतःचं यंत्र जाहिरातींवरच चाललं. २००४ मध्ये जीमेल आलं आणि त्या काळी अफाट वाटणारी एक गिगाबाइट जागा फुकट मिळाली. त्या बदल्यात जाहिराती जुळवण्यासाठी आपल्या पत्रांवरून यंत्र नजर फिरवत होतं. ते २०१७ पर्यंत चाललं.

व्हॉट्सअ‍ॅपची गोष्ट तर ताजी आहे. २०१४ मध्ये फेसबुकनं ते १९ अब्ज डॉलरचा सौदा करून विकत घेतलं, तेव्हा खासगीपणाच्या बाबतीत काही बदलणार नाही, असा शब्द दिला गेला. २०१६ मध्ये अटी बदलल्या आणि वापरणाऱ्यांची माहिती फेसबुककडे जाऊ लागली. विकत घेताना चुकीची माहिती दिली म्हणून युरोपीय आयोगानं २०१७ मध्ये फेसबुकला ११ कोटी युरोंचा दंड केला. २०२१ मध्ये ‘स्वीकारा नाहीतर सोडा’ अशा थाटाच्या नव्या अटी आल्या. त्यावरून आपल्या स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि कंपनी अपिलात गेली. व्हॉट्सअ‍ॅपचा एक संस्थापक ब्रायन अ‍ॅक्टन २०१७ मध्ये बाहेर पडला. वापरणाऱ्यांचा खासगीपणा आपण विकला, असं त्यानं नंतर एका मुलाखतीत मान्य केलं.

या लोकांनी शब्द दिला तेव्हा ते खोटं बोलत होते, असं मी म्हणणार नाही. काहींच्या मनात तेव्हा खरंच तसं असेल. पण ‘आम्ही असं करणार नाही’ हे वाक्य माणसाच्या मनावर अवलंबून असतं. मन बदलतं, मालक बदलतो, भागधारकांना दर तिमाहीला नफा दाखवावा लागतो. म्हणून नवा सावकार चांगल्या मनाचा आहे का, एवढंच विचारून भागत नाही.

इथे पुन्हा औंधच आठवतं. साताऱ्याच्या खटाव तालुक्यात राजधानी आणि सांगलीकडच्या कुंडल, आटपाडीपर्यंत तुकड्यातुकड्यांनी पसरलेलं ७२ गावांचं हे संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी प्रजेत प्रिय होते. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे, औंधला संग्रहालय उभारणारे, १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळ देणारे. अशा राजाला घटना कशाला हवी होती? लोकांनी ‘आमचे महाराज चांगले आहेत’ म्हणून स्वस्थ बसायला काहीच हरकत नव्हती. पण १९३९ मध्ये भवानरावांनी, मुलगा अप्पासाहेब पंत, पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन आणि प्रत्यक्ष गांधीजींच्या सल्ल्यानं, सत्ता गावपंचायतींकडे आणि निवडलेल्या विधिमंडळाकडे सोपवणारी घटना लागू केली. चांगुलपणा वारसाहक्कानं उतरत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून ‘मी जुलूम करणार नाही’ असा नुसता शब्द न देता, उद्या गादीवर कुणीही बसला तरी त्याला मनमानी अवघड जावी, अशी व्यवस्था त्यांनी केली.

‘करणार नाही’ आणि ‘करू शकत नाही’ यांतला हा फरक मला मित्राच्या प्रश्नाचं उत्तर वाटतो. बिऱ्हाड हलवताना मी हाच फरक शोधत होतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीनं सिग्नलकडे वापरकर्त्यांची माहिती मागितली, तेव्हा त्यांच्याकडे द्यायला खातं केव्हा उघडलं आणि शेवटची जोडणी केव्हा झाली, याच्या पलीकडे काही नव्हतं. बाकी साठवतच नाहीत, तर देणार काय? सिग्नल ना-नफा संस्था चालवते, तिच्यासाठी त्याच अ‍ॅक्टननं २०१८ मध्ये पाच कोटी डॉलर दिले, आणि तिचा प्रोग्राम कुणालाही वाचून तपासता येतो. ऑरगॅनिक मॅप्सचा नकाशा माझ्या फोनमध्येच उतरलेला असतो. कासच्या रस्त्याला रेंज नसतानाही तो चालतो, आणि मी ठोसेघरला गेलो की बामणोलीला, हे सांगण्यासाठी तो कुठे जातच नाही. त्यात दुकानं कमी सापडतात, वाहतूक कोंडी कळत नाही. ती किंमत आहे आणि ती मी मोजतो.

याच फूटपट्टीनं स्वदेशीकडेही बघावं लागतं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात ‘अरट्टई’ची लाट आली, तेव्हा मला कितीतरी जणांनी आमंत्रण धाडलं. स्वदेशीचं मला वावडं नाही. किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगर आमच्या भागातल्या कितीतरी रानांत चालला आहे. पण त्या वेळी अरट्टईवरच्या कॉलना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन होतं, लिहिलेल्या संदेशांना नव्हतं. मालक आपल्या देशातला असणं आणि मालकाचे हात बांधलेले असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. औंधचे राजेही स्वदेशीच होते, तरी घटना लागलीच.

आता या वाटेच्या मर्यादा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ आहे. त्या आठवड्यात कोयनेतून किती पाणी सोडलं, कुठल्या गल्लीत पाणी चढलं, बोट कुठे हवी आहे, हे सगळं लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवरच एकमेकांना कळवलं. असे दोन ग्रुप माझ्या फोनमध्ये आजही आहेत आणि मी ते सोडणार नाही. माझ्या तत्त्वासाठी पुराच्या वेळी म्हाताऱ्या मावशीला नवं अ‍ॅप शिकवणं हा उद्धटपणा होईल. शिवाय पूर्ण शुद्ध असं इथे काही नाहीच. ऑक्टोबर २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉनची सर्व्हर यंत्रणा कोलमडली, तेव्हा सिग्नलही अडखळलं, कारण तेही त्याच यंत्रणेवर टेकलेलं आहे. सावकाराच्या जमिनीतूनच पायवाट जाते म्हणतात, तसं.

म्हणून एकेकट्यानं अ‍ॅप बदलून हा प्रश्न सुटेल, असं मला वाटत नाही. भवानरावांनी आपण होऊन सत्ता सोडली, पण असे राजे इतिहासात थोडे. बाकीच्यांना कायद्यानं बांधावं लागतं. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्यात सरकारनं स्वतःसाठी मोठ्या सवलती ठेवल्या. म्हणजे कंपनीला बांधणाऱ्यानं आपले हात मोकळे ठेवले. त्याबद्दल बोलत राहणं हे अ‍ॅप बदलण्यापेक्षा मोठं काम आहे.

तोवर माझ्या सावकारवाल्या मित्राला मी एवढंच म्हणतो : सावकाराचा चेहरा बघू नकोस, खत वाच. पैसे कुठून येतात? माझी माहिती त्याला उघडता येते का? उद्या धंदा विकला, तर घेणाऱ्याच्या हाती काय लागेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘फारसं काही नाही’ असं आलं, तर तिथे बिऱ्हाड थाटायला हरकत नाही. मित्र अजून जुन्याच दारात आहे. पण परवा त्यानं एका नव्या अ‍ॅपला संपर्क बघायची परवानगी नाकारली आणि मला विचारलं, "यात तुझा पण नंबर होता, नव्हं?"