खरा आकडा, खोटी साक्ष

उच्चारलेला शब्द न् शब्द खरा असूनही मनुष्य खोट्या साक्षीचा दोषी ठरू शकतो काय? अमेरिकेतील एका उदाहरणावरून ह्या प्रश्नाचा विचार करू.

सन २०२० च्या जुलैत त्या देशातील १८ ते २९ वर्षांच्या तरुणांपैकी शेकडा ५२ आपल्या आईबापांच्या घरी राहत होते, असे तेथील प्यू संशोधन केंद्राने प्रसिद्ध केले. सन १९४० च्या खानेसुमारीत हे प्रमाण शेकडा ४८ होते. तरुण पिढी आळशी झाली, बापाच्या घरी आयते खाते, अशी थट्टा अशाच आकड्यांच्या आधारे तेथे पुष्कळ वर्षे चालत आली आहे.

आता हे आकडे ज्या सरकारी मासिक पाहणीतून येतात, तिचा एक नियम ऐका. महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहणारा अविवाहित विद्यार्थी आईबापांच्या घरीच राहतो असे तीत धरतात. आपणांकडेही वसतिगृहातील मुलाचे नाव घरच्या शिधापत्रिकेवर असते. तेवढ्यावरून तो रोज आईच्या चुलीपुढे बसून भाकर खातो, असे कोणी शहाणा मनुष्य म्हणत नाही. नियमात लबाडी नाही. ते खाते तक्त्याखाली तशी टीप उघडपणे छापते. ती टीप गाळून आकडा तेवढा उचलणारे निराळेच असतात.

शिवाय वयांचीही सरमिसळ होते. सन २०२२ मध्ये १८ ते २४ वर्षांचे निम्म्याहून अधिक जण आईबापांकडे मोजले गेले. २५ ते ३४ वर्षांच्यांत मात्र शेकडा सुमारे १६ च. पहिल्या गटात विद्यार्थ्यांचा भरणा किती, हे सांगावयास नको.

तथापि सर्वच आकडे झिडकारणे हाही अन्यायच होय. २०२० च्या फेब्रुवारीत तेच प्रमाण शेकडा ४७ होते, आणि नियम दोन्ही वेळी एकच होता. तेव्हा महामारीच्या त्या महिन्यांत झालेली वाढ खरी होती. वाढ झाली हे म्हणणे निराळे, आणि निम्मी पिढी बापाच्या ओसरीवर बसून आहे हे म्हणणे निराळे.

कित्येक म्हणतील, खोटा शब्द उच्चारला नाही तर दोष कसला? आमचे मत तसे नाही. साक्षीदाराने शपथेवर सांगितले की, ह्या मनुष्यास रात्री अमुक घरातून गाठोडे घेऊन निघताना मी पाहिले. आणि ते घर त्याचे स्वतःचेच होते एवढे मात्र गिळले. शब्द एकही खोटा नाही, पण निरपराधी चोर ठरला. ऐकणाराही सुटत नाही. शेजाऱ्याच्या पोराविषयी वाईट ऐकावयास आपले कान जरा लवकर उघडतात, आणि मग टीप कोण विचारतो?

आणि त्या तक्त्यातून न कळणारी आणखी एक गोष्ट आहे. आजारी आईच्या शुश्रूषेसाठी माहेरी परतलेली मुलगी, ज्याच्या मजुरीवर बापाच्या घराचे भाडे भागते तो मुलगा, आणि खरोखरच काम टाळणारा, हे तिघेही तीत एकाच रकान्यात पडतात. कोण कोणास पोसतो, हे तेथे लिहिलेले नसते.