उलटी फिरलेली थैली

नगर जिल्ह्यातल्या एका गावात नवे पाळकसाहेब बदलून आले आणि तिसऱ्याच रविवारी त्यांनी संदेशाला प्रकटीकरणातली सात पत्रं घेतली. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया. आशियातल्या सात मंडळ्यांना लिहिलेली ही पत्रं म्हणजे शाळातपासणीचे शेरेच. काहींना आधी शाबासकी आणि मग कानउघाडणी. स्मुर्णा आणि फिलदेल्फिया यांना दोष दिलेला नाही, लावदिकीयाच्या वाट्याला कौतुकाचा शब्द नाही. "आपण यातले कोण?" असं विचारून साहेब थांबले. पहिल्या बाकावरून सेक्रेटरी गुरुजी पुटपुटले, "फिलदेल्फिया."

साहेबांनी ते ऐकलं असावं. पुढच्या रविवारी प्रत्येकाने एक चिठ्ठी आणायची, असं त्यांनी जाहीर केलं. एका बाजूला, या मंडळीतली कोणती गोष्ट गेली तर जिवाला लागेल. दुसऱ्या बाजूला, काय सुधारायला हवं. नाव घालायचं नाही. चिठ्ठी दानाच्या थैलीत टाकायची.

गुरुजींना हे रुचलं नाही. "साहेब, लोकांना काय हवं ते कमिटीला ठाऊक असतं. त्यासाठीच कमिटी असते." शिवाय नाव न घालण्याचा उपयोग काय? 1831 साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं आणि पुढे जिल्ह्यात खेडोपाडी शाळा निघाल्या. अशाच एका शाळेत गुरुजींची सगळी नोकरी झाली होती. गावातल्या निम्म्या मंडळींची अक्षरं त्यांनीच पाटीवर वळवून घेतलेली. कोणाचा 'क' कुठे मोडतो हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं.

सोमवारी संध्याकाळी वेस्ट्रीत चिठ्ठ्या उघडल्या. जिवाला लागणाऱ्या गोष्टी आधी वाचल्या गेल्या. कोणाच्या घरी मयत झाली की न सांगता पीठ घेऊन येणाऱ्या आणि चुलीपाशी बसून भाकरी थापणाऱ्या बाया. नाताळात रात्री गल्लीगल्लीतून फिरणारी पोरं. सुगीच्या सणाचा लिलाव: कोणी आठशेला कोंबडा घ्यायचा, परत मंडळीला द्यायचा, तोच कोंबडा पुन्हा सहाशेला जायचा, आणि शेवटी बिचारा थकून डोळे मिटून बसायचा. टिळकांची भजनं तर बऱ्याच जणांनी लिहिली होती. नारायण वामन टिळकांनी मराठी ख्रिस्ती माणसाला त्याच्याच वळणाची भजनं दिली. त्यांना जाऊन शंभर वर्षं उलटली तरी या गावात ती पाठ आहेत.

खजिनदार शेवटच्या चिठ्ठीपर्यंत वाट पाहत होते. शहाबादी फरशीचं नाव कोणीच घेतलं नव्हतं. त्या फरशीपायी कमिटीच्या किती बैठका झाल्या, किती भांडणं झाली, दोन सभासद वर्षभर एकमेकांशी बोलले नाहीत! "बसतात कशावर ही माणसं?" खजिनदार म्हणाले. "बाकावर," साहेब म्हणाले.

मग दुसरी बाजू. उपासना दहाची, सुरू होते पावणेअकराला. सूचना संदेशापेक्षा लांबतात. म्हाताऱ्यांना पायऱ्या चढवत नाहीत. कमिटीत तीच ती घरं. एका चिठ्ठीवर होतं, 'तबला पुरे, कीबोर्ड घ्या.' गुरुजींनी अक्षर ओळखलं. दहावीतली पोर. "बघा, तरुण संघ! यांना भजनं नकोत." त्यावर अर्धा तास चर्चा झाली आणि आजच्या पिढीचा निकाल लागला.

शेवटच्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: 'आम्ही सलाम करतो तेव्हा लोक दुसरीकडे बघतात.' गुरुजींनी ती दिव्याजवळ धरली, चष्मा वर केला, खाली केला. अक्षर ठसठशीत होतं, 'ल'ची शेपटी लांब. ओळखीचं मात्र नव्हतं.

आता कमिटी ठराव करणार आणि ठराव रजिस्टरात निजणार, ही रीत सगळ्यांना माहीत होती. साहेबांनी तसं होऊ दिलं नाही. रविवारी दानार्पण झाल्यावर त्यांनी थैली पुन्हा फिरवली, चिठ्ठ्या घालून. प्रत्येकाने हात घालून एक काढायची. आपलीच निघाली तर परत टाकायची. दुसऱ्याची निघाली तर ती आता आपली. जमेल तेवढं करायचं, कमिटीला कळवायची गरज नाही. खजिनदारांच्या कारकिर्दीत थैली जाताना भरलेली आणि येताना रिकामी, असं पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. हाती आलं ते पायऱ्यांचं काम. त्यांनी मेव्हण्याचा गवंडी आणला, उताराचा एक रस्ता करून घेतला, आणि वाळूचा भाव कोणाकोणाला ऐकवला ते विचारू नका.

कीबोर्डची चिठ्ठी तबला वाजवणाऱ्या पोराच्याच हाती आली. तो तणतणत त्या मुलीच्या घरी गेला. ती म्हणाली, "मी फक्त लिहिलं. सांगितलं आजोबांनी." आजोबा मागच्या बाकावर बसायचे. त्यांना तबला नुसता धपधप ऐकू येई, शब्द पोचत नसत. पोराने त्यांना पुढे आणून अगदी तबल्याशेजारी बसवलं. दोन रविवार झाले आणि आजोबा म्हणाले, "हात गोड आहे रे तुझा. पण कीबोर्ड घ्याच."

गुरुजींच्या हाती आली सलामाची चिठ्ठी.

अक्षरावरून माणूस सापडेना. विचारायचं तरी कोणाला? 'आमच्याकडे कोण बघत नाही' असं लिहिणाऱ्याला चारचौघांत हुडकणं बरं दिसलं नसतं. मग उपाय एकच उरला. रविवारी साडेनवालाच गुरुजी दारात उभे राहिले आणि येईल त्याला सलाम करू लागले. नुसता सलाम केल्याने भागेना, म्हणून नाव विचारू लागले. नाव कळलं की गाव, गाव कळलं की इथे कसे आलात.

जालन्याकडून साखर कारखान्यावर आलेलं एक कुटुंब दीड वर्ष येत होतं. बाई सलाम करून बाजूला सरकली, तेव्हा गुरुजी म्हणाले, "थांबा की ताई. पोराचं नाव काय?" पोराचं नाव त्यांच्याच नातवाचं होतं. नगरला नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुली दर महिन्याला एसटीने यायच्या. धाकट्या भावाशी वाटणीवरून बिनसलेला एक जण अगदी शेवटी येऊन सगळ्यांच्या आधी निघायचा. त्याला तर गुरुजींनीच बाराखडी शिकवली होती. चिठ्ठी यांच्यापैकी कोणाचीही असू शकत होती. कोणाची, ते गुरुजींना अखेरपर्यंत कळलं नाही. दारातच अडकल्यामुळे सूचना वाचायला त्यांना वेळ उरेना, त्या दुसऱ्याने दोन मिनिटांत उरकल्या.

वार्षिक सभेत अहवाल वाचायला गुरुजी उठले. दरवर्षी सभासद, मुलं, आणि शेवटी एक रकाना असे: 'इतर'. यंदा तो रकाना नव्हता. त्याजागी नावं होती, सव्वा पान.

"गुरुजी, बेरीज कुठाय?" खजिनदारांनी विचारलं. "आणि झेरॉक्सचा खर्च कोणत्या खात्यात घालू?"

"घाला फरशीच्या," गुरुजी म्हणाले आणि पुढचं नाव वाचू लागले.