पदरमोड

1961 साली इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्स गावात पाच शाळकरी पोरं पहिल्यांदा तालमीला जमली. रॉड आर्जेंट गाणार आणि कॉलिन ब्लन्स्टन गिटार वाजवणार असं ठरलं होतं. कॉलिन आला तो रग्बीत नाक फोडून घेऊन, डोळे काळेनिळे आणि तोंडावर पट्टी. मध्येच रॉड तिथल्या पियानोवर बसला आणि बाकीचे बघतच राहिले. कॉलिननं सहज एक गाणं म्हटलं आणि मग रॉडचीच बोलती बंद झाली. गायची हौस रॉडला होती, पण गळा कॉलिनचा जास्त चांगला होता. रॉडनं माइक सोडला आणि पियानो धरला. या बँडचं सगळं भलं मला त्या एका समजूतदारपणात दिसतं.

बँडचं नाव झॉम्बीज. 1964 साली त्यांनी एक स्थानिक स्पर्धा जिंकली आणि डेका कंपनीशी करार झाला. निर्माता केन जोन्स म्हणाला, हवं तर तुमचं स्वतःचं एखादं गाणं लिहून आणा. विशीही न गाठलेल्या रॉडनं ‘शीज नॉट देअर’ लिहून आणलं. ते अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेलं. पुढच्या वर्षी ‘टेल हर नो’ही तिथे चाललं. त्यानंतर मात्र ओहोटी लागली. एकामागून एक रेकॉर्ड आल्या आणि पडल्या. 1967 मध्ये फिलिपिन्समध्ये त्यांना ऐकायला हजारोंची गर्दी लोटली, पण पोरांच्या हातात पडलं ते अगदीच किरकोळ.

त्यातही सगळ्यांची ओढाताण सारखी नव्हती. रेकॉर्ड विकली गेली, रेडिओवर वाजली, की गाणं लिहिणाऱ्याला त्याचं मानधन वेगळं मिळतं. झॉम्बीजमध्ये गाणी लिहीत ते रॉड आणि बेस गिटार वाजवणारा ख्रिस व्हाइट. गायक कॉलिन, गिटारवाला पॉल ॲटकिन्सन आणि ड्रमवाला ह्यू ग्रंडी यांची भिस्त कार्यक्रमांवर, आणि त्या बिदागीतून मॅनेजर-एजंट आपापला वाटा काढून घेत. एका गाडीतून गावोगाव फिरणाऱ्या पाच मित्रांत दोघांचं बरं चाललेलं आणि तिघांचे खिसे रिकामे. भांडण कुणाशी कुणाचंच नव्हतं, पण ॲटकिन्सनचं लग्न तोंडावर आलं होतं. बँड फार दिवस टिकत नाही हे प्रत्येकाला कळून चुकलं होतं.

तरी त्यांनी ठरवलं, जायच्या आधी एक अख्खी एलपी आपण आपल्या मनासारखी करायची. सीबीएस कंपनीनं हजार पौंड दिले. जून 1967 मध्ये ते ॲबी रोड स्टुडिओत शिरले. काही आठवड्यांपूर्वीच बीटल्स तिथून ‘सार्जंट पेपर’ संपवून गेले होते आणि त्यांचं मेलोट्रॉन तिथेच राहिलं होतं. या वाद्याच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो आणि त्यावर बासरीचा, व्हायोलिनचा सूर भरलेला असतो. पट्टी दाबली की टेप सरकते, सूर वाजतो आणि काही सेकंदांत संपतो. वाद्यवृंद परवडणार नव्हता, म्हणून रॉडनं त्या यंत्रावर व्हायोलिनं वाजवली. स्टुडिओचं भाडं वाचावं म्हणून गाणी आधीच घोटून ठेवलेली असत.

शेवटी शेवटी ‘टाइम ऑफ द सीझन’ ध्वनिमुद्रित व्हायचं होतं. गाणं इतकं ताजं होतं की कॉलिनला ते नीट बसलंही नव्हतं. रॉड काचेपलीकडून एकेक जागा सुधारत राहिला, पुन्हा म्हण, पुन्हा म्हण. कॉलिन वैतागला. एवढं येतंय तर तूच येऊन म्हण, असं त्यानं सुनावलं. रॉडनं ऐकलं नाही. गायक तू आहेस, जमेपर्यंत तिथून हलायचं नाही, असं बजावलं. मोडायला निघालेल्या बँडमधला, बहुधा कुणी ऐकणारही नाही अशा गाण्याच्या एका ओळीवरचा हा वाद. मला तो फार मोलाचा वाटतो.

काम संपलं तेव्हा कंपनीनं नवी अट घातली, मोनो नको, स्टिरिओ पाहिजे. हजार पौंड तर केव्हाच संपले होते. तेव्हा रॉड आणि ख्रिसनं आपल्या गाण्यांच्या मानधनातले दोनशे पौंड घातले आणि स्टिरिओ करून दिली. डिसेंबरात बँड मोडला. एप्रिल 1968 मध्ये ‘ओडेसी अँड ओरॅकल’ बाजारात आली आणि इंग्लंडमध्ये कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. कॉलिन एका विमा कंपनीच्या कचेरीत चिकटला.

अमेरिकन संगीतकार अल कूपर इंग्लंडहून परत जाताना रेकॉर्डचा गठ्ठा घेऊन गेला, त्यात ही एलपी होती. कोलंबिया कंपनी ती अमेरिकेत काढायला तयार नव्हती. कूपर हटून बसला तेव्हा कुठे ती निघाली, आणि 1969 मध्ये ‘टाइम ऑफ द सीझन’ तिथे तिसऱ्या क्रमांकावर पोचलं. गाणं गाजत होतं आणि गाणारा विम्याच्या फायली बघत होता. परत एकत्र या म्हणून पैशांची आमिषं आली. रॉड आणि ख्रिसनं तोवर नवं काम हाती घेतलं होतं, ते त्यांनी सोडलं नाही. मग काही जण तोतया झॉम्बीज घेऊन अमेरिकाभर फिरले. त्यांतल्या एका टोळीतले दोघे पुढे झीझी टॉप या बँडमधून नावारूपाला आले.

विसरता कामा नये ते हे, की 1971 मध्ये कॉलिनची स्वतःची पहिली एलपी ‘वन इयर’ आली तेव्हा तिचे निर्माते रॉड आणि ख्रिसच होते. बँड मोडला, पण माणसं तुटली नव्हती.

2004 मध्ये ॲटकिन्सन गेला. मार्च 2008 मध्ये उरलेले चौघे लंडनच्या शेपर्ड्‌स बुश एम्पायरमध्ये उभे राहिले. रेकॉर्डवर जे जे ऐकू येतं ते सगळं मंचावरही ऐकू आलंच पाहिजे, असा रॉडचा हट्ट. रेकॉर्डवर एकावर एक चढवलेले सूर दोन हातांत मावणार नव्हते, म्हणून जादा वाद्यं आणि जादा माणसं बोलावली. ती एलपी पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत लोकांपुढे वाजवण्याची त्यांची ती पहिलीच खेप होती.