अंगण खरंच वाकडं असेल तर?

गेल्या दसऱ्याला मी माथेरानला मामाकडे होतो. घरात पाटावर पूजा मांडलेली. मामीची विळी, माझा लॅपटॉप आणि मामेभावाची अवजारं. मामाची हातरिक्षा पाटावर मावणारी नव्हती, म्हणून ती दारात उभी होती, दांड्याला झेंडूचा हार घालून. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा असा आदेश दिला होता, त्यामुळे हा तिचा शेवटचा दसरा असणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोलत नव्हतं.

मामेभाऊ जूनपासून एका वायरमनच्या हाताखाली शिकतोय. त्याच्या अवजारांचे पाटावर दोन गट होते. एक म्हणजे मी पाठवलेला सेट. निळी प्लास्टिकची पेटी, आत बत्तीस नग, सगळे चकचकीत. दुसरा गट म्हणजे एकच जुनी, काळी पडलेली पक्कड, मुठीला टेप गुंडाळलेली. ती त्याच्या उस्तादांची. हळदकुंकू त्या पकडीला लागलं होतं. माझ्या पेटीवर नुसतं एक फूल होतं.

"सेट वापरत नाहीस का रे?"

"वापरतो ना दादा."

मामीला खोटं सहन होत नाही. "कसला वापरतोय! त्या पेचकसापायी बोलणी खाऊन आला होता की."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एका हॉटेलात एमसीबी बॉक्स बदलायचा होता. माझ्या सेटमधला पेचकस तिसऱ्या स्क्रूलाच गोल झाला आणि जाताना स्क्रूचं डोकंही खाऊन गेला. उस्ताद ओरडले, "हात आहे का हातोडा?" पोराला वाटलं, आपलाच हात जड आहे. पुढचे तीन आठवडे तो रात्री घरी बसून लाकडाच्या फळीत स्क्रू पिळायचा सराव करत होता. त्याच पेचकसाने. शेवटी उस्तादांनी एकदा तो पेचकस हातात घेऊन बघितला, काही न बोलता बाजूला ठेवला आणि स्वतःची जुनी पक्कड आणि एक पेचकस त्याला दिला.

मला यातलं काहीच कळवलं नव्हतं. दादाने दिलेली भेट, तिला नावं कशी ठेवायची?

ते तीन आठवडे माझ्या डोक्यातून जात नाहीत. 'नाचता येईना अंगण वाकडं' ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो, की तिच्यात एक गृहीतक आहे हे लक्षातच येत नाही. अंगण सरळ असतं, हे ते गृहीतक. मुरलेल्या माणसाला ही म्हण लागू पडते, कारण त्याला दोन्हीतला फरक कळतो. माझा कोड चालला नाही तर आज मी अर्ध्या तासात सांगू शकतो की चूक माझी आहे की लायब्ररीची. पहिल्या वर्षी मला हे येत नव्हतं. काहीही तुटलं की मीच तोडलं असं वाटायचं. नवशिक्याला स्वतःचा हात आणि हातातली वस्तू वेगळी करून तपासता येत नाही, कारण तपासायला लागणारा अनुभवच त्याच्याकडे नसतो. म्हणजे वाईट अवजार उस्तादाच्या हातात पडलं तर ते फक्त वाईट अवजार असतं. नवशिक्याच्या हातात पडलं तर ते त्याला त्याच्याविषयी खोटं सांगतं.

आणि आपण करतो नेमकं उलटं. "शिकाऊ आहे, सध्या साधं चालेल. हात बसला की चांगलं घेऊ." मीही हेच म्हणालो होतो. पैसे नव्हते असं नाही. सेट अकराशेचा होता. त्याच महिन्यात मी स्वतःसाठी आठ हजारांचा मेकॅनिकल कीबोर्ड घेतला, कारण बटणांचा आवाज छान येतो. मी ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा कंपनीने पहिल्या दिवशी नवा लॅपटॉप हातात दिला होता. 'आधी हात बसू दे' असं मला कोणी म्हटलं नव्हतं. सूट फक्त हाताने काम करणाऱ्यांच्या बाबतीत घेतली जाते, आणि घेताना आपण तिला काटकसर म्हणतो.

बत्तीस नगांचा मोह हाही एक भाग. एकेक नग पस्तीस रुपयांना पडत होता आणि मला तो हिशोब आवडला होता. माथेरानच्या वायरमनला बत्तीस नग लागतात का, हा प्रश्न मी विचारला नाही. तिथे मोटार दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते. पुढे सगळं पायी. बाकी गावांतला वायरमन बाइकला पिशवी अडकवून जातो, इथला लाल मातीतून चढउतार करत हॉटेल ते हॉटेल चालतो. पेटी साडेतीन किलोची होती. पावसाळ्यात धुक्यात भिंतींनाही पाणी सुटतं, तिथे पातळ मुलामा दिलेल्या लोखंडाचं काय होणार? पान्यांच्या कडांना ऑगस्टमध्येच तांबूस झाक आली होती. आणि वस्तू ऐनवेळी मोडली तर दुसरी आणायला खाली नेरळला उतरायचं, म्हणजे दिवस गेला.

उस्तादांना भेटायला गेलो तेव्हा मी माफी मागायच्या तयारीत होतो. त्यांना त्यात रस नव्हता. त्यांनी सेटमधली पक्कड उजेडासमोर धरली. मिटलेल्या जबड्यांमधून उजेड दिसत होता. "ही काय धरणार?" मग मुठीवरचं लाल आवरण अंगठ्याने ढकललं, तर ते सरकलं. त्यावर १००० व्होल्ट छापलेलं होतं. ते पाहून मात्र मला घाम फुटला. वीज चालू असताना वापरायच्या अवजारांसाठी आयईसी ६०९०० नावाचं मानक आहे. त्यात बसणाऱ्या अवजारावर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्होल्टचा आकडा असतो, आणि तो चाचणीनंतर पडतो. माझ्या पकडीवर नुसता आकडा होता. आकडा छापायला शाई लागते, बाकी काही नाही. पेचकस गोल झाला तर बोलणी बसतात. हे आवरण सरकलं असतं तर?

"पक्कड नाही वाचवत," उस्ताद म्हणाले, "मेन बंद केलेला वाचवतो. हे त्याला पहिल्या दिवशी सांगितलंय." बरं झालं सांगितलं. पण ते त्यांचं शहाणपण होतं, माझं नव्हतं.

अपराधी वाटल्यावर माणूस करतो तेच मी करायला निघालो. फोन काढून जर्मन कंपन्यांच्या पकडी बघू लागलो. एक पक्कड अडीच-तीन हजारांची. मामेभावाने हळूच सांगितलं, "दादा, नको. उस्तादांच्याकडे पण नाहीये अशी." त्याचं म्हणणं समजायला मला वेळ लागला. शिकाऊच्या कमरेला उस्तादापेक्षा भारी पक्कड असली की कामावर रोज एक अदृश्य भांडण चालू होतं. शिवाय ती हरवायची भीती इतकी, की ती वापरलीच जाणार नाही. माझी पहिली भेट त्याला कमी लेखणारी होती. दुसरी माझं ओझं उतरवून त्याच्या कमरेला बांधणारी झाली असती. दोन्हींत निर्णय माझाच.

नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी तो नेरळहून लोकलने आला, मी ऐरोलीहून गेलो. सीएसएमटीला भेटलो आणि क्रॉफर्ड मार्केटवरून चालत नागदेवी स्ट्रीटला गेलो. मुंबईत अवजारांची दुकानं बघायची तर तिथेच. या वेळी मी पिशवी धरून मागे उभा राहिलो आणि त्याने निवडलं. तो पक्कड उजेडासमोर धरायचा, सांधा हलवून बघायचा, दुकानदाराकडून तांब्याच्या तारेचा बारीक तुकडा मागून टोकाशी कापून बघायचा. आठ इंची पक्कड त्याने टपारियाची घेतली. ही नाशिकच्या सातपूरची कंपनी, १९६९ पासून स्वीडिश तंत्राच्या मदतीने हातअवजारं बनवायला लागलेली. तीन-चारशे रुपयांत मिळते आणि बहुतेक वायरमनच्या पिशवीत असते. चांगलं आणि परवडणारं यांच्यात एवढी मोठी दरी नसते, हे मला तिथे कळलं. दरी होती ती माझ्या बघण्यात. मग दोन पेचकस, एक कटर, टेस्टर. मल्टिमीटरला मात्र जरा जास्त पैसे घातले, कारण वितरण बोर्डावर वापरायचा तर तो कॅट थ्री दर्जाचा हवा, असं उस्तादांनी बजावलं होतं. एकूण सहा नग, किलोभर वजन. माथेरानच्या बाजारातल्या एका चपला शिवणाऱ्या काकांनी नंतर त्याला जाड चामड्याचा कमरेचा पट्टा शिवून दिला, सहा कप्प्यांचा.

परतताना लोकलमध्ये मामाचा विषय निघाला. ॲरिस्टॉटलने गुलामाला 'सजीव अवजार' म्हटलं होतं, हे मी कॉलेजात कुठेतरी वाचलं होतं. तेव्हा ते दोन हजार वर्षांपूर्वीचं वाटलं होतं. मामाने तीस वर्षं माणसं ओढली. चढावर छाती दांड्याला टेकवून. रिक्षा हे अवजार म्हणायचं तर ते मामाच्या हातात होतं की मामा त्याच्या, मला सांगता येत नाही. न्यायालयाने ऑगस्टच्या निकालात १९८० सालच्या आझाद रिक्षा पुलर्स युनियनच्या खटल्याची आठवण काढली होती. तेव्हा न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांच्यासमोर पंजाबचे सायकलरिक्षावाले होते, आणि मार्ग काढला होता तो कर्ज मिळवून देऊन त्यांना रिक्षाचे मालक करण्याचा. माथेरानच्या ९४ हातरिक्षावाल्यांना आता ई-रिक्षा भाड्याने देण्याची योजना करा, असं राज्याला सांगितलं गेलं. भाड्याने. मामा तेवढाच शब्द धरून बसलाय. "दुसऱ्याची गाडी असली की ब्रेक पण दुसऱ्याचा," असं तो म्हणतो. छाती मोकळी होईल याचा आनंद आहेच त्याला, उगाच हातरिक्षेचं कौतुक तो करत नाही. पण जे हातात येणार ते आपलं असावं, एवढं त्याचं म्हणणं.

मुलाचंही बहुधा तेच म्हणणं होतं. दुकानात बिल मी दिलं तेव्हा तो काही बोलला नाही.

निळी पेटी आता माझ्याकडे ऐरोलीला आहे. परत करायची मुदत कधीच संपली. मामी म्हणाली होती, "दे की कुणाला तरी शिकणाऱ्याला." आमच्या सोसायटीच्या वॉचमनचा मुलगा आयटीआयला जातो, त्याला द्यावी असं मलाही क्षणभर वाटलं होतं. आपल्याकडे नको झालेल्या वस्तूला घेणारा नेहमी मिळतो, आणि देणाऱ्याला दुवाही मिळतात. मी पेटीतला टेप आणि हातोडी बाजूला काढली, ती ठीक आहेत. पकडीवरचा १००० चा आकडा कानशीने घासून काढला. अर्धा तास लागला. बाकीचं भंगारात जाईल.

त्या शनिवारी रात्री घरी पोचलो तर जीपेवर साठ रुपये आले होते. खाली लिहिलं होतं, 'टेस्टर'. परत पाठवायला मी बोट नेलं होतं. पाठवले नाहीत.