सरकून जागा द्या



संत याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एक प्रसंग सांगितला आहे. मंडळीच्या सभेत दोन माणसे येतात. एकाच्या बोटात सोन्याची अंगठी, अंगावर भारी कपडे. दुसरा गरीब, मळक्या कपड्यांतला. पहिल्याला मानाची जागा मिळते. दुसऱ्याला उभे राहायला, नाहीतर पायांपाशी बसायला सांगतात. दोघांनी अजून तोंडही उघडलेले नसते. त्यांची किंमत कपड्यांनीच ठरवली जाते.

आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. वेचणीच्या दिवसांत बाया साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात, कमरेला ओटी बांधतात आणि दिवसभर उन्हात कापूस वेचतात. त्याच कापसाचे कापड इस्त्री करून, अंगात घालून आपण रविवारी मिस्साला येतो. मग ती वेचणारी बाई जुन्या साडीत आली, तर दाराजवळच का उभी राहते? तिला कोणी हाकलले नाही, हे खरे. पण कोणी सरकून जागा दिली का? नवी साडी नाही म्हणून नाताळच्या मिस्साला घरीच थांबणारे कोणी आपल्या धर्मग्रामात आहे का?

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेले संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) चिंध्यांचे कपडे घालीत. हातात खराटा आणि मातीचे गाडगे. नुसते कपडे पाहणाऱ्याला ते भिकारीच वाटले असते. आज आपल्या मुलामुलींच्या पदवीच्या प्रमाणपत्रावर त्याच माणसाच्या नावाचे विद्यापीठ असते.

देवाच्या घरी नीटनेटके, स्वच्छ कपडे घालून यावे, यात चूक नाही. तो देवाचा मान आहे. मात्र स्वतःचे कपडे पाहणे वेगळे आणि दुसऱ्याचे मोजणे वेगळे. स्नानसंस्काराच्या वेळी श्रीमंत-गरीब सर्वांना एकच शुभ्र वस्त्र मिळते. ज्यांचा बाप्तिस्मा झाला त्यांनी ख्रिस्तालाच परिधान केले आहे, असे संत पौल गलतीकरांना कळवतो. त्याहून भारी वस्त्र कोणाकडे आहे?

आज मिस्सा सुरू होण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहा. कोणी उभे असेल तर हाक मारा, थोडे सरका.

हे प्रभो, क्रुसावर तुझे कपडेही काढून घेतले गेले. कपड्यांपलीकडचा माणूस ओळखण्याची दृष्टी आम्हांला दे. आमेन.