वरच्या मजल्याचें पाणी

एका मनुष्याकडून दुसऱ्यास जी इजा होते तिचे सामान्यतः दोन वर्ग करण्यांत येतात. एक जाणूनबुजून केलेली, व दुसरी हयगयीनें घडलेली. पहिलींत दुष्ट हेतु असतो आणि दुसरींत सावधपणाचा अभाव. म्हणून दोहोंचाहि दोष कर्त्याच्या पदरीं घालण्यास आपणांस अडचण पडत नाहीं. परंतु इजेचा एक तिसरा वर्ग आहे. त्यांत हेतु वाईट नसतो, हयगय दाखवितां येत नाहीं, किंबहुना इजा होत आहे याची वार्ताहि ज्याच्याकडून ती होते त्यास नसते. आणि तरीहि इजा खरी असते, व तिचा उगम त्याच्याच घरांत असतो. अशा प्रसंगीं तो मनुष्य आपल्या शेजाऱ्याचें कांहीं देणें लागतो काय, आणि लागत असल्यास तें कोणत्या क्षणापासून, हा प्रश्न आम्ही येथें विचारास घेणार आहों.

उदाहरण अगदीं घरगुती आहे. वरच्या मजल्यावरील न्हाणीघरांतून झिरपणारें पाणी व त्यामुळें खालच्या बिऱ्हाडाच्या छताला धरलेली ओल, हा विषय एखाद्या वाचकास नीतिविचाराच्या मानानें क्षुल्लक वाटेल. त्यानें मुंबई-पुण्याकडील कोणत्याहि सहकारी गृहसंस्थेच्या चिटणिसास विचारून पाहावें. पैशाच्या किंवा मतभेदाच्या कारणांनीं जेवढे शेजारी अबोला धरून बसले नसतील तेवढे या ओलीपायीं बसले आहेत, असेंच तो सांगेल. सुशिक्षित, सालस, एरव्हीं कोणाच्या अध्यांतमध्यांत नसणारीं माणसें या एका प्रश्नावर इतकीं ताठर कां होतात, हें पाहण्याजोगें आहे.

प्रथम पाण्याची चाल समजून घेतली पाहिजे. कारण सारा घोटाळा तिच्यांत आहे. न्हाणीघराची जमीन पुष्कळदां शेजारच्या खोल्यांहून खोल टाकलेल्या स्लॅबवर असते. त्या खोलगट भागांत सांडपाण्याचे पाइप बसवून वर विटांच्या तुकड्यांची भर घालतात, आणि तिच्यावर फरशी येते. फरशीच्या सांध्यांतून अथवा जाळीभोंवतालच्या फटींतून उतरलेलें पाणी त्या भरींत सांठून राहतें. वर फरशी पुसली कीं कोरडी. खालीं मात्र तळें. तेथून तें सरळ खालीं उतरेल असेंहि नाहीं. स्लॅबच्या उतारानें, तुळईच्या कडेनें, विजेच्या तारांच्या नळींतून तें वाट काढतें, आणि दोन खोल्या टाकून पंख्याच्या कडीशीं थेंब धरतें. नैयायिक धुरावरून अग्नीचें अनुमान करितो तेव्हां धूर दिसतो त्याच डोंगरावर अग्नि आहे असें तो म्हणूं शकतो. येथें तसें म्हणतां येत नाहीं. डाग जेथें दिसतो तेथें उगम असतोच असें नाहीं, व उगम जेथें असतो तेथें डाग सहसा दिसत नाहीं.

डाग हें तर वरवरचें दुःख. काँक्रीट जोंवर क्षारधर्मी असतें तोंवर त्याच्या पोटांतील लोखंडी सळयांवर एक संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. हवेंतील कार्बन डाय-ऑक्साइड हळूहळू आंत शिरून ती क्षारता कमी करितो. मग पाणी व हवा यांची गांठ सळईशीं पडली कीं गंज चढूं लागतो. गंज हा मूळच्या लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो. त्याच्या दाबानें काँक्रीट फुगतें, तडकतें व त्याची खपली सुटते. आधीं पोपडे, मग भेगा, भेगांतून तांबूस ओघळ, आणि शेवटीं उघड्या पडलेल्या सळया, असा हा क्रम आहे. छतावर हातोडीनें हलकेच ठोकलें असतां भरीव जागीं टणटणीत नाद येतो, सुटलेल्या जागीं पोकळ येतो. तो पोकळ नाद एकदां ऐकल्यावर त्या छताखालीं मुलांचीं अंथरुणें घालण्याचें धैर्य कोणा आईला होणार नाहीं.

उगम शोधण्याची रीत मात्र कठीण नाहीं. ओल केवळ पावसाळ्यांत येते कीं बाराहि महिने, हें आधीं विचारावें. पावसाळ्यापुरती असल्यास गच्चीकडे व बाहेरच्या भिंतींकडे पाहावें; बारमाही असल्यास नळांकडे व न्हाणीघरांकडे. घरांतील सर्व तोट्या बंद करूनहि पाण्याचें मीटर फिरत असेल, तर त्यापुढील नळ फुटला आहे असें समजावें. तें स्थिर असेल तर न्हाणीघराची जाळी बोळ्यानें बंद करून जमिनीवर चार बोटें पाणी एक दिवस व एक रात्र उभें ठेवावें, पातळीची खूण करावी, आणि खालचें छत पाहावें. एका वेळीं एकच शंका घ्यावी व ती फिटल्यावर पुढच्या शंकेकडे जावें. या साऱ्या खटाटोपांत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. ज्याचें छत ओलें आहे त्याला यांतील बहुतेक कांहीं करितां येत नाहीं. ज्याची फरशी कोरडी आहे त्यालाच तें करितां येतें. दुःख एकाकडे आणि दुःखाचें कारण पाहण्याची सोय दुसऱ्याकडे, अशी ही विषम वांटणी आहे.

आमच्या परिचयाच्या दोन कुटुंबांची हकीकत या दृष्टीनें उद्बोधक आहे. खालींवर राहणाऱ्या या मंडळींचा वीस वर्षांचा घरोबा. दिवाळीला फराळाचीं ताटें जिन्यानें जात-येत. खालच्या छताला ओल आली तेव्हां खालचे गृहस्थ वर गेले. वरचे म्हणाले, "अहो, आमची फरशी तळहातासारखी कोरडी आहे, हवा तर हात लावून पाहा." पण मिस्त्रीनें चोवीस तास पाणी उभें करण्याची गोष्ट काढतांच ते म्हणाले, "आमचा दोष नसतां आमचें न्हाणीघर दिवसभर कां अडवावें?" आधीं तुमचें दोघांचें ठरूं द्या, मग संस्था पाहील, असें म्हणून चिटणीस मोकळे झाले. तीन पावसाळे असे गेले. चौथ्याच्या प्रारंभीं छताचा एक मोठा तुकडा नातवाच्या अभ्यासाच्या खाटेवर कोसळला; मुलगा त्या वेळीं शाळेंत होता म्हणून अनर्थ टळला. मग सर्वांच्या भीडेनें परीक्षा झाली. पाणी दिवसभर व रात्रभर राहिलें, खुणेखालीं गेलें नाहीं. भिंत फोडल्यावर सामाईक उभ्या पाइपाचा सांधा सुटलेला सांपडला. वरच्यांचा दोष खरोखरच नव्हता! ते म्हणाले, "मी प्रथमपासून हेंच सांगत होतों."

त्यांचें म्हणणें खरें ठरलें. पण तेवढ्यानें त्यांचें वर्तन योग्य ठरलें काय? आमचें उत्तर स्पष्टपणें नकारार्थी आहे. न्हाणीघर निर्दोष असणें ही त्यांची पुण्याई नव्हती. तो योगायोग होता. तें निर्दोष आहे हें त्यांस ठाऊकहि नव्हतें. ठाऊक होती ती वरची कोरडी फरशी. शेजाऱ्याच्या छताचें निदान केवळ त्यांच्या दारावरून अडलें होतें, आणि तें दार त्यांनीं तीन वर्षें लावून ठेविलें. या प्रकरणांत त्यांचें देणें कांहीं असेल तर तें दुरुस्तीचें नव्हतें, पाहूं देण्याचें होतें. आणि हें देणें दोष सिद्ध होण्यावर मुळींच अवलंबून नाहीं.

कायद्याची दृष्टि या बाबतींत जुनी आहे. सुमारें पावणेचार हजार वर्षांपूर्वीं बाबिलोनच्या हम्मुराबी राजानें असा नियम घातला कीं, ज्याच्या आळसानें बांध फुटून पाणी इतरांच्या शेतांत शिरेल त्यानें बुडालेलें धान्य भरून द्यावें. तेथें निदान आळस तरी होता. इंग्लंडांत लँकेशायरमधील रायलंड्स नांवाच्या गिरणीवाल्यानें जाणत्या माणसांकडून तलाव बांधविला, आणि १८६० सालीं त्याचें पाणी जमिनीखालच्या जुन्या, बुजलेल्या विवरांतून फ्लेचर नांवाच्या शेजाऱ्याच्या कोळशाच्या खाणींत शिरलें. रायलंड्सला त्या विवरांची कल्पना नव्हती, त्याची स्वतःची हयगयहि नव्हती; तरीहि १८६८ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें भरपाईचा बोजा त्याच्यावरच कायम केला. स्वतःच्या सोयीसाठीं पाणी सांठविणाऱ्यानें तें बाहेर पडल्यास त्याचा भार सोसावा, असें त्या निर्णयाचें तात्पर्य आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, हा न्याय व्यवहाराला ठीक असला तरी नीतीला तो मानवणार नाहीं. नीतीची खरी कसोटी हेतु. कांटसारख्या तत्त्वज्ञानें तर निरपवाद चांगलें असें एका सद्हेतूलाच म्हटलें आहे. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, परंतु तो दोषापुरता. दोष आणि दायित्व या दोन निराळ्या गोष्टी आहेत. न कळत घडलेल्या इजेबद्दल कोणास दोषी म्हणूं नये. पण निर्दोष मनुष्यासहि देणें असूं शकतें. बाकी प्रश्न उरतो तो क्षणाचा. शेजारी दारावर थाप मारीपर्यंत वरचा मनुष्य अजाण असतो, आणि त्याचें अजाणपण निष्पाप असतें. थाप पडल्यानंतर, पाहण्याची सोय असतां तो पाहत नाहीं, तेव्हां तेंच अजाणपण त्याची कृति होते. आमच्या मतें तिसऱ्या वर्गांतील इजा दुसऱ्या वर्गांत जाते ती येथें. आणि माणसें ताठर होतात तीहि येथेंच. कारण "जरा पाहूं द्या" हे शब्द त्यांच्या कानीं "तुम्ही गुन्हेगार आहां" असे पडतात. तपासणीस हो म्हणणें म्हणजे आरोप कबूल करणें नव्हे, एवढें समजलें तरी अर्धीं भांडणें जिन्यांतच मिटतील.

खालच्या बिऱ्हाडासहि कर्तव्य नाहीं असें नाहीं. आरोप घेऊन वर जाणें जसें गैर, तसेंच वाईटपणा नको म्हणून गप्प बसून डागावर रंगाचा हात देणेंहि गैर. आंतून ओलरोधक रंग लावल्यानें पाणी थांबत नाहीं. तें पापुद्र्यामागें सांठतें व दुसरीकडून निघतें. जुन्या वाड्यांच्या चुन्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा चढविणारे हेंच करितात. चुना आंतली ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती कोंडतें, आणि हातभर उंचीवरचा लोणा पुरुषभर उंचीवर दिसूं लागतो. दुरुस्तीचा क्रम आधीं उगम बंद करणें, मग सुकूं देणें, मग सळया घांसून गंज काढणें, आणि गिलावा व रंग सर्वांच्या शेवटीं, असा आहे. तो उलटा करितां येत नाहीं. सोशिक मनुष्य वाटतो तितका उदार नसतो. शेजाऱ्यास जाणून घेण्याची व योग्य वागण्याची संधीच तो नाकारतो. शिवाय रंग दिलेलें तेंच घर तो उद्यां अजाण गिऱ्हाइकास विकील, तर न कळत सुरू झालेली ही इजा त्याच्या हातीं जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीचें रूप घेईल.

शेवटीं एका साध्या गोष्टीचें स्मरण द्यावेंसें वाटतें. ज्याला खालचा मनुष्य छत म्हणतो त्यालाच वरचा मनुष्य जमीन म्हणतो. मधली स्लॅब एकच, सळयाहि त्याच. खालीं पोपडा सुटतो तेव्हां वरच्यांच्या पायांखालचा आधारहि तितकाच क्षीण होत असतो. फक्त त्यांस तें दिसत नाहीं. समाजांत जे जे कोणाच्या तरी वर राहतात त्या सर्वांची स्थिति थोडीबहुत अशीच आहे. आपल्या सोयींचें पाणी कोठें झिरपतें हें त्यांच्या फरशीवरून कधींच कळणार नाहीं. तें खालीं जाऊनच विचारावें लागतें. वैशाखांत गच्ची पाहण्यास आपण मिस्त्रीला बोलावतोंच. त्याच दिवशीं एक जिना उतरून खालच्या दारावर आपणच थाप मारावी, आणि तुमच्याकडे कोठें ओल तर येत नाहीं ना, असें विचारावें.