कचराकुंडीजवळचा फोटो



नागपूर-मुंबईला गेलो की आपण मोबाईलवर रस्त्याचे फोटो काढतो. भाजीवाली, रिक्षा, कचराकुंडी आणि तिच्यात वाकून कागद-काच वेचणारी बाई. फोटो छान येतो. पण तिला विचारले होते का?

पुण्यात १९९३ साली कचरा वेचणाऱ्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी राहिली. तिने सभासदांना फोटोसह ओळखपत्रे दिली, महापालिकेने ती मान्य केली. तोही फोटोच, पण त्याखाली नाव होते.

आपल्या चिखल्यात खाणीतून मँगनीजच्या धुळीने माखून आलेल्या भावाचा फोटो कोणी न विचारता काढला, तर आपल्याला आवडेल?

मग असे फोटो काढूच नयेत का? तसे नव्हे. झाकून ठेवल्याने गरिबी जात नाही. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात (लूक १०) याजकाने व लेव्यानेही जखमी माणसाला पाहिले होते. त्यांचा दोष पाहण्यात नव्हता, पाहून निघून जाण्यात होता.

म्हणून आधी नमस्कार करू, नाव विचारू. ती नको म्हणाली, तर मोबाईल खिशात ठेवू. तिलाही देवाने आपल्याच प्रतिमेत घडवले आहे.